‘घर सांभाळून…’ : आपल्या साहित्यातील शिक्षिका आणि तिचे मूल

सेवानिवृत्तीच्या समारंभात वाटल्या जाणाऱ्या गौरविका, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि वृत्तपत्रांतील श्रद्धांजलीपर लेख यांत शिक्षिकांविषयी एका ठरावीक आशयाचे वाक्य हमखास आढळते. बाईंनी घरसंसार सांभाळून इतकी वर्षे ज्ञानदान केले, असे ते वाक्य. लिहिणाऱ्याचा हेतू गौरवाचाच असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने अशा वाक्यापाशी थोडे थांबावे. कारण पुरुष शिक्षकाच्या गौरविकेत हे वाक्य कधी येत नाही, आणि स्त्रीच्या गौरविकेत ते कधी चुकत नाही.

या वाक्यातील ‘सांभाळून’ हे रूप पाहावे. मराठीत धातूला ‘ऊन’ प्रत्यय लागला की बहुधा आधी घडून गेलेल्या क्रियेचा बोध होतो. ‘जेवून गेला’ म्हणजे आधी जेवला, मग गेला. या हिशेबाने ‘घर सांभाळून शाळेत शिकविले’ म्हणजे घराचे काम आधी पुरे झाले आणि मग शाळेचे सुरू झाले. ज्या घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे, त्या घरात सकाळी साडेनऊ वाजता काही पुरे झालेले असते काय? मूल दुपारीही भुकेजते, शाळेच्या तासांतही तापाने फणफणते. व्याकरण जी क्रिया संपली असे सांगते, ती प्रत्यक्षात दिवसभर चालूच असते. फक्त त्या वेळेपुरती ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेली असते. तो दुसरा हात कोणाचा, हे वाक्य सांगत नाही.

शिक्षिका आणि माता या दोन्ही भूमिका एकाच देहात असलेली स्त्री आपल्या साहित्यात कशी आली, याचा विचार आम्ही येथे एकच प्रश्न पुढे ठेवून करणार आहोत. प्रश्न अगदी घरगुती आहे : मूल कोणापाशी?

हा प्रश्न आपल्या भागात अगत्याने विचारण्यास कारण आहे. बोरगाव, सौसर, पांढुर्णा हा पट्टा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात सौसर तालुकाही आला. या साऱ्या काळात येथील जुन्या मराठी घरांतील मुलींना सन्मानाने करता येण्याजोगी पहिली नोकरी मिळाली ती बहुधा प्राथमिक शाळेतच. बोरगावला कारखाने आले ते फार पुढे, आणि तेथेही पुरुषांनाच प्राधान्य. म्हणजे शिक्षिका झालेली आजी, काकू वा आत्या आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहे. तिच्याविषयी आपण लिहितो तेव्हा मात्र वरचे एक वाक्य लिहून मोकळे होतो.

आरंभ सावित्रीबाई फुले यांच्यापासूनच करावा लागेल. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, हे प्रत्येकास ठाऊक आहे. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांची बाळंतपणे तेथे होऊ लागली, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या दोन गोष्टी आपण दोन निरनिराळ्या प्रकरणांत वाचतो. ‘आद्य शिक्षिका’ एका प्रकरणात, ‘समाजसेविका’ दुसऱ्या. वस्तुतः जिने मुलींना अक्षर दिले तिनेच गर्भार बाईची उस्तवार आणि पोरक्या तान्ह्याचे संगोपनही आपल्या कार्याचा भाग मानले. अक्षर आणि पाळणा यांत तिने भिंत घातली नव्हती. ती भिंत पुढच्या चरित्रलेखनाने घातली.

ही भिंत किती पक्की झाली, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकातील चौथ्या दशकाकडे यावे. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी मनातील मातेची प्रतिमा या बेचाळीस रात्रींनी घडविली. त्याच १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, स्वतः स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात काम करीत होत्या.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून कोणी फारसे वाचत नाही. आमच्या मते ती तशीच वाचावीत. ‘श्यामची आई’ सांगणारा श्याम मुलांना घडविणारा आहे, आणि लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे आपल्या वाङ्मयातील सर्वांत थोर आईची कथा एका शिक्षकाने सांगितली आहे. त्या कथेत शिकविणारा पुरुष आहे आणि आई घरात आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या, कमावत्या तरुणी आहेत, त्यांच्या वेतनावर माहेर अवलंबून आहे, त्यांचे लग्न लांबते आहे, त्यांच्या मनाची तगमग कोणी ऐकत नाही. तेथे नोकरी आहे, मूल नाही. एकाच वर्षात लिहिल्या-छापल्या गेलेल्या या दोन पुस्तकांनी जणू वाटणीच करून टाकली : जी आई ती शाळेत जाणार नाही, आणि जी शाळेत जाईल तिच्या पदरी मूल नसेल. दोन्ही पुस्तकांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. परंतु या वाटणीमुळे पुढे दीर्घकाळ, मूल पदरी असलेली शिक्षिका मराठी कथेत आली तरी पाहुणीसारखीच आली.

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) हा लेखसंग्रह येथे आठवतो. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून अध्यापन-संशोधन करीत होत्या आणि तीन मुलांची आई होत्या. संग्रहाला नाव देणाऱ्या लेखात कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशा ओळखी करून दिल्या जातात, आणि अखेरीस रस्त्यावरची पोरे वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात तेव्हा ओळख पुरी होते. लेख मिश्कील आहे, आणि विदुषीने स्वतःच्या विद्वत्तेला मारलेली ती कोपरखळी आजही गोड वाटते. मात्र त्या लेखातले मूल शाळेत जाऊ लागलेले आहे. ते पाळण्यात असताना संशोधनाचे तास कसे निघाले, हा त्या लेखाचा विषय नाही. लेखिकेने तो निवडला नाही यात दोष नाही. पण आपल्या समीक्षेने ‘आई हीच स्त्रीची पूर्ती’ असे सोयीचे तात्पर्य त्यातून काढले आणि त्यातील मिश्कीलपणा सोडून दिला, हा दोष मात्र आहे.

ज्या पुस्तकात आमच्या प्रश्नाला खरोखर तोंड द्यावे लागते ते शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. १९८३ मध्ये ‘पूर्वा’ मासिकातून ते क्रमशः आले, १९८६ मध्ये ग्रंथरूप झाले, आणि ‘नाजुका’ या नावाने दूरदर्शनवरही दिसले. सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे १९२३ मध्ये जन्मलेल्या शांताबाई १९४२ मध्ये जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे त्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. २०२३ च्या जानेवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले.

या आत्मकथनाची चर्चा जातीच्या दाहाचे दर्शन म्हणून झाली, आणि ती योग्यच झाली. वर्गाबाहेर बसून शिकलेली मुलगी पुढे वर्गात उभी राहून शिकविते, या एका घटनेतच केवढा इतिहास आहे. तथापि या पुस्तकाचा दुसरा पदर तितकासा उलगडला गेला नाही. पती कृष्णाजी कांबळे हेही शिक्षक. दोघांचा पेशा एकच. मास्तरांनी दुसरे लग्न केल्यावर ती माहेरचा आधार घेते; पुढे नोकरी, बदल्या आणि मुले असा संसार चालतो. हे सारे ती बोलीतल्या लहान लहान वाक्यांत सांगते. विलाप नाही, टाळी घेणारे वाक्य नाही. काही समीक्षकांना ही मांडणी कलादृष्ट्या सपाट वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या बाईचा दिवस भाकरी, लेकरू, वाट, घंटा, हजेरीपट आणि पुन्हा लेकरू अशा तुकड्यांत कापलेला आहे, तिचे वाक्यही तेवढेच लांब असणार. दीर्घ, वळणदार वाक्य लिहिण्यास सलग दुपार लागते. तिच्या वाक्याची लांबी ही तिच्या फुरसतीची लांबी आहे. शैलीच्या चर्चेत ही गोष्ट येत नाही, आणि ती आली पाहिजे.

येथे दोन तारखांचा उल्लेख करावासा वाटतो. शांताबाई दोन वर्षांच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी पुण्यास गेल्या त्या १९५२ च्या सुमारास, असे त्यांच्या परिचयात दिलेले असते. त्यांचे पुत्र अरुण कांबळे, कवी आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक, यांचा जन्म मार्च १९५३ चा, असे त्यांच्या परिचयात दिलेले असते. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पानांवर आहेत, एक आईच्या कर्तृत्वाची, दुसरी मुलाच्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की मगच दिसते की हे प्रशिक्षण आणि हे गरोदरपण किंवा हे तान्हेपण एकमेकांस लागूनच गेले असले पाहिजेत. आपल्या वाङ्मयकोशांची रचनाच अशी की आईच्या नोंदीत मूल येत नाही आणि मुलाच्या नोंदीत आईची दुपार येत नाही. चळवळीच्या इतिहासात मुलगा येतो. ते मूल कडेवर घेऊन, किंवा कोणाच्या तरी कडेवर सोपवून जी वर्ग घेत होती तिची नोंद ‘संसार सांभाळून’ एवढ्यावर संपते.

यात जातीचा प्रश्न आणखी एक गाठ घालतो. सवर्ण शिक्षिकेची बदली झाली तर नव्या गावात शेजारीण मिळते, एखादी पाळणारी बाई मिळते. शिवाशिव पाळणाऱ्या गावात दलित शिक्षिकेला आधी घर भाड्याने मिळणेच दुर्घट. मग तिचे मूल कोण उचलून घेणार? ‘मूल कोणापाशी?’ हा प्रश्न म्हणून केवळ स्त्रीचा राहत नाही; गावाने कोणाचे मूल हाती घ्यायचे आणि कोणाचे नाही, याचाही तो प्रश्न होतो.

आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) यासंदर्भात वाचण्याजोगे आहे. संस्कृतमध्ये उच्च पदवी मिळवूनही ‘सोमकुंवर’ या माहेरच्या नावावर त्यांना अध्यापनाची जागा मिळत नव्हती; विवाहानंतर ‘पावडे’ हे नाव लागले आणि मिळाली. म्हणजे जे घर ‘सांभाळून’ नोकरी करायची, त्या घराचे आडनावच नोकरीची किल्ली ठरले. लेखिकेने ही विसंगती कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) लेखिका शिक्षिका नाही, सरकारी कचेरीत नोकरीला आहे, पण नोकरी, मुले आणि एम. ए.चा अभ्यास एकाच वेळी चालविताना घरातून होणारी कुरबुर ती नि:संकोचपणे नोंदविते. शिक्षण घेणे हा घराच्या वेळेवरचा दरोडा आहे, अशी घरातील भावना तेथे उघड होते. विशेष म्हणजे तिचे वडील शिक्षक होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर आईने आयदाने विणून मुले वाढविली. पुस्तकाला नाव मिळाले ते आईच्या त्या विणकामाचे. सांभाळणारे हात मुखपृष्ठावर आणणारे हे पुस्तक आहे, आणि त्याच्या मोठेपणात या गोष्टीचा वाटा आहे.

आतापर्यंत आम्ही पुस्तकांविषयी बोललो. परंतु या प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर पुस्तकात न मिळता एका संस्थेच्या अंगणात मिळाले, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. ताराबाई मोडक विवाहानंतर अमरावतीस राहिल्या. तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीची आई असतानाच १९२१ मध्ये त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाल्या आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची ‘अंगणवाडी’ जन्मली. तेथे त्यांच्या ध्यानात आले की थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून त्यांनी शाळेलाच पाळणाघर जोडले. धाकटे तेथे ठेवावे, थोरलीने वर्गात बसावे.

ही साधी दिसणारी योजना आमच्या मते एक मोठे वाङ्मयीन भाष्यही आहे. कारण आपल्या वाक्यातील ‘सांभाळून’ या शब्दाच्या मागे कोण उभे आहे, ते तिने दाखविले. मागे उभी होती एक नऊ-दहा वर्षांची मुलगी. शिक्षिकेचे मूल कधी तिच्या सासूपाशी असते, कधी नणंदेपाशी, कधी अल्प मोबदल्यावर ठेवलेल्या गरीब घरच्या पोरीपाशी. हा शेवटचा प्रकार घडतो तेथे शोकान्तिका पुरी होते : बाई वर्गात इतरांच्या मुलींना धडा देत असते आणि तिचे स्वतःचे मूल ज्या मुलीच्या कडेवर असते, ती मुलगी त्याच वेळी शाळेबाहेर असते. या दृश्यावर मराठीत एक चांगली कथा लिहिली जावी, अशी आमची फार इच्छा आहे.

यावर आपल्या जुन्या घरांतून एक आक्षेप येईल, तो आम्ही गंभीरपणे घेतो. आक्षेप असा की, एकत्र कुटुंबात मूल कोणावर ‘पडत’ नाही. ते सर्वांचे असते. त्याचा हिशेब मांडणे हे प्रेमाचा अपमान करण्यासारखे आहे. आजीच्या मांडीवरचे मूल हे ओझे असते असे आम्हीही म्हणत नाही. परंतु प्रेमाने केलेले कामही काम असते, आणि ज्याचे काम त्याचे नाव घेण्याने प्रेम उणावत नाही. जी आजी सून शाळेत जाते म्हणून पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा आई झाली, तिचे नाव सुनेच्या गौरविकेत एका ओळीत तरी यावे, ही अपेक्षा हिशेबाची नाही, कृतज्ञतेची आहे. शिवाय ‘सर्वांचे मूल’ म्हणणाऱ्या घरांत त्या ‘सर्वां’मध्ये पुरुष किती होते, हेही एकदा आठवून पाहावे.

दुसरा आक्षेप शासकीय भाषेतला : आता कायदे झाले, प्रश्न सुटला. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची प्रसूतिरजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे केली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. हे सारे मोलाचे आहे. परंतु सव्वीस आठवडे संपतात तेव्हा मूल सहा महिन्यांचे असते, आणि ते बालवाडीत बसण्याजोगे होण्यास आणखी अडीच वर्षे असतात. रजा बाळंतिणीला मिळते; रांगणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलाच्या आईचा दिवस तसाच राहतो. आपल्या राज्यात तर शिक्षकाच्या पदाची नावेच किती बदलली : शिक्षाकर्मी, संविदा शिक्षक, अध्यापक, अतिथी शिक्षक. नियमित वेतनावरील बाईंचे गरोदरपण आणि मानधनावर दिवस मोजणाऱ्या बाईंचे गरोदरपण एकाच शाळेत, एकाच भिंतीआड, दोन वेगळ्या अनुभवांचे असते. या पदनामांच्या जंगलातली आई अद्याप आपल्या साहित्यात यावयाची आहे.

साहित्य म्हणजे हजेरीपट नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. कोणी किती तास मूल घेतले याची यादी म्हणजे कथा नव्हे. पण सत्य टाळून जे लिहिले जाते तेही साहित्य होत नाही. ते गौरविकेतले वाक्य होते. शांताबाईंचे पुस्तक टिकले याचे एक कारण हेच की त्यांनी स्वतःला थोर ठरविण्याऐवजी दिवस जसा गेला तसा सांगितला. पुढच्या लेखिकांनी, आणि लेखकांनीही, त्यांच्याकडून एवढे घ्यावे.

आपल्या मंडळापुरते एक सुचवावेसे वाटते. सौसर-पांढुर्णा परिसरातील मराठी शाळांत शिकविलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतील शिक्षिका आज नव्वदीकडे झुकल्या आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना सभासदांनी पुरस्कार आणि सेवेची वर्षे यांबरोबर त्यांना हा एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे : बाई, तुम्ही वर्गात होता तेव्हा मूल कोणापाशी होते? उत्तरात जे नाव येईल, ते नाव पूर्ण लिहावे.